तीन खेळ, एक अंगठा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, आला तेव्हापासून खेळतोय, त्याआधी पबजी होताच. आमचं चौघांचं स्क्वॉड शाळेपासूनचं. गेले काही सीझन मी क्राउन रँकलाच अडकलोय आणि बाकीचे तिघे त्याच्या वरच्या एसला जाऊन बसलेत. आमचा आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये डाव ठरवणारा कॅप्टन, म्हणतो, "एक ना धड भाराभर चिंध्या करतोस, म्हणून तुझा हात बसत नाही."

त्याचं कारण असं, की मी फ्री फायर मॅक्स हा तसलाच दुसरा गेमपण खेळतो. ते मामेभावांमुळे. मामाचं गाव जत तालुक्यात, तिकडच्या पोरांच्या फोनवर बीजीएमआय अडकत अडकत चालतो, म्हणून सगळे फ्री फायरवर. त्यात यंदा कॉलेजची पोरं विश्रामबागला एका गेमिंग कॅफेत व्हॅलोरंट हा कॉम्प्युटरवरचा नेमबाजीचा गेम खेळायला लागलीत. तिथं मी अजून आयर्न या सगळ्यात खालच्या रँकमध्येच आहे, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजा तिथंच येते. शिवाय फोनमध्ये क्लॅश ऑफ क्लॅन्स आणि बुद्धिबळाचं ॲप आहे, ते असंच.

बीजीएमआयचा रॉयल पास आणि फ्री फायरचा बूया पास, म्हणजे पैसे भरायचे आणि मिशन पूर्ण करून बक्षिसं मिळवायची, असे दोन्ही घेतलेत. पैसे घातलेत म्हटल्यावर मिशन पूर्ण करावी लागतात, त्यात रात्रीचे दोन वाजतात. यूट्यूबवर एक जण सांगतो, एकच गेम धरा, नाहीतर कधीच वर जाणार नाही. दुसरा सांगतो, एकावर राहू नका, उद्या बॅन झाला की संपलात. स्क्वॉड म्हणतं, एकच ठेव, नाहीतर आम्ही चौथा दुसरा बघतो.

एकच गेम धरू की सगळे चालू ठेवू? आई म्हणते सगळेच बंद कर. तो पर्याय सोडून सांगा.

— क्राउनला अडकलेला, सांगली

उत्तर

अरे क्राउनला अडकलेल्या,

आईचा पर्याय तू आधीच खोडून टाकलास. ठीक आहे, पण तिला एवढ्यात बाद करू नकोस. तिचं भांडण गेमशी कमी आणि रात्रीच्या दोनशी जास्त असणार. त्यावर येतेच.

आधी थेट उत्तर घे. रँक एकाच गेममध्ये पुश कर, म्हणजे वर चढव. बाकीचे ठेवायचे असतील तर ठेव, पण त्यांत ना रँक, ना पास. तू किती गेम खेळतोस याची मला फारशी फिकीर वाटत नाही. किती गेमांना तू रोजची हजेरी कबूल करून बसलायस, याची वाटते.

आता तुझा आयजीएल. त्याचा राग खरा आहे आणि कारणही निम्मं खरं आहे. हात बसत नाही हे खरं, पण त्याला पाच गेम जबाबदार नाहीत. त्यातले दोनच आहेत, आणि ते का, हे तुझ्या अंगठ्याकडे नीट बघितलंस तर तुलाच कळेल.

फ्री फायरमध्ये तू ड्रॅग हेडशॉट मारत असशील. फायरचं बटण दाबायचं आणि तसाच अंगठा वर ओढायचा. नेम छातीवरून सरकत डोक्यावर जातो, बाकीचं काम एम असिस्ट, म्हणजे नेम धरायला गेमची आपोआप मदत, करून देते. मामेभावांनी हेच घोटून घेतलं असणार. आता त्याच रात्री तू बीजीएमआयमध्ये एम416 रायफल उचलतोस. स्प्रे, म्हणजे सलग गोळीबार, सुरू झाला की इथं बंदूक आपण होऊन वर पळते आणि तुला अंगठा खाली ओढत राहावा लागतो, जायरो लावला असेल तर फोन झुकवून तेच करावं लागतं. म्हणजे समोर माणूस दिसला, की एक गेम सांगतो वर ओढ, दुसरा सांगतो खाली ओढ. काच तीच, अंगठा तोच, प्रसंगही तोच. क्लॉ पकडून, म्हणजे बोटंही काचेवर ठेवून, खेळत असशील तर अंगठ्याच्या जागी बोट म्हण, फरक काही पडत नाही. अशा फाइटचा निकाल डोळ्याची पापणी लवायच्या आत लागतो. त्यात "आत्ता मी कुठल्या गेममध्ये आहे" हे आठवायला वेळच नसतो. हात स्वतःच्या सवयीनं जातो, आणि तुझ्या हाताला दोन उलट सवयी लावून ठेवल्यात.

त्यातच ग्लू वॉलची, म्हणजे क्षणात उभ्या राहणाऱ्या भिंतीची, सवय आहे. फ्री फायरमध्ये गोळ्या लागायला लागल्या की भिंत टाकायची आणि मागे बसायचं. बीजीएमआयच्या मोकळ्या रानात भिंत कुठून येणार? तिथं आधीच झाड, दगड, उतार बघून ठेवावा लागतो, किंवा स्मोक टाकून सरकावं लागतं. तुझा आयजीएल "हा उघड्यावर का थांबतो" म्हणून ओरडत असेल तर त्याचं मूळ बहुधा जत तालुक्यात सापडेल.

म्हणून जवळच्या जातीचे दोन गेम एकाच वेळी रँकसाठी खेळू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बीजीएमआय, फ्री फायर, कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल हे एकमेकांच्या फार जवळ आहेत, म्हणून एकमेकांचा हात बिघडवतात. लांबच्या गेमांचा हा त्रास नाही. बुद्धिबळानं कुणाचा स्प्रे बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही.

व्हॅलोरंट मधल्या जागेवर बसतो. तिथं माऊस आणि कीबोर्ड, त्यामुळे अंगठ्याचं भांडण नाही. पण डोक्याचं आहे. बीजीएमआयमध्ये तू पळता पळता फायर करतोस, वाकून पीक घेतोस, म्हणजे आडोशातून डोकावतोस, आडवा पडतोस, आणि ते चालून जातं. व्हॅलोरंटमध्ये चालताना गोळी मारलीस तर ती भलतीकडेच जाते. आधी थांबायचं, मग मारायचं. डावीकडे सरकत असशील तर क्षणभर उजवीकडची कळ दाबून पाय रोवायचा आणि मगच व्हँडल रायफल चालवायची. शिवाय राऊंडची तिजोरी सांभाळायची, या राऊंडला खरेदी करायची की पैसे राखायचे, हे पाचही जणांनी मिळून ठरवायचं. तू आयर्नमध्ये आहेस तो पाच गेम खेळतोस म्हणून नाही, नवा आहेस म्हणून. ते दुखणं वेळेनं जातं.

आणि तुझ्याजवळचं काही तिथं फुकटही जात नाही. पावलांच्या आवाजावरून किती जण आहेत ते ओळखणं, नॉक झाल्यावर, म्हणजे गोळ्या लागून पडल्यावर, रडत न बसता "एक डावीकडं, दगडामागं, अर्धा झालाय" एवढंच चटकन सांगणं, हरलेली फाइट सोडून मागे यायची अक्कल, हे सगळं तू बीजीएमआयमधून घेऊन गेला आहेसच. मोठमोठ्या खेळाडूंचं असंच झालंय. 2020 च्या जूनमध्ये व्हॅलोरंट आला तेव्हा पहिल्या फळीत चमकलेले बरेचसे लोक काउंटर स्ट्राइक या जुन्या नेमबाजीच्या गेममधून आलेले होते. कॅनडाचा टेन्झ तिथला, आपला गणेश गंगाधर म्हणजे स्क्रॉसी, तोही तिथलाच. दोन्ही गेम इतके भाऊभाऊ, की काउंटर स्ट्राइकची सेन्सी, म्हणजे माऊस हलवला की नेम किती सरकावा तो आकडा, 3.18 नं भागली की व्हॅलोरंटची सेन्सी मिळते. हा आकडा दोन्हीकडच्या पोरांना पाढ्यासारखा पाठ असतो. मात्र एक बघ. या लोकांनी दोन्हीकडं एकदम रँक पुश केली नाही. एकात हात पक्का केला, मग तो घेऊन दुसरीकडं गेले, आणि गेले ते गेलेच.

तुझ्या पहिल्या यूट्यूबरचं आवडतं उदाहरण फेकर असणार, त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय कुणी संपवत नाही. कोरियाचा ली सांग-ह्योक, 2013 पासून एकच गेम, लीग ऑफ लेजंड्स, एकच टीम, आणि 2025 पर्यंत 6 वर्ल्ड चॅम्पियनशिप. घ्या, एकच गेम धरा! पण तो एक गेम म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. त्यात दीडशेच्या वर चॅम्पियन, म्हणजे निवडून खेळायची पात्रं, आहेत आणि थोड्या थोड्या दिवसांनी पॅच, म्हणजे गेममधले बदल, येऊन सगळा हिशोब बदलतो. फेकर त्या एका नावाखाली वर्षानुवर्षं नवेनवे गेमच शिकत आला. उलट टोकाला अमेरिकेचा सॉनिकफॉक्स आहे. मॉर्टल कॉम्बॅट, इन्जस्टिस, ड्रॅगन बॉल फायटर्झ, जो फायटिंग गेम येईल त्यात तो उतरतो आणि जिंकतो. गेम वेगळे, पण अंतर मोजणं, समोरच्याची सवय ओळखणं, त्यानं चूक केली की त्या क्षणी शिक्षा देणं, हा धंदा सगळीकडं एकच. म्हणजे एकवाला आतून अनेक खेळतोय आणि अनेकवाला आतून एकच खेळतोय. यूट्यूबच्या थंबनेलवर एवढं मावत नाही, म्हणून ते दोघं तुला दोन टोकांची उत्तरं देतात.

दुसऱ्या यूट्यूबरचा मुद्दा मात्र आपल्या देशात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर गेला, मॅक्स तेवढा राहिला. 28 जुलै 2022 ला बीजीएमआय स्टोअरवरून गायब झाला आणि 2023 चा मे संपता संपता परतला. सरकार सोड, कंपनीही गाशा गुंडाळते. एपेक्स लेजंड्स मोबाइल मे 2022 मध्ये आला आणि पुढच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला बंद झाला, वर्षही पुरं केलं नाही त्यानं. ज्यांनी त्यात पैसे घालून कपडे आणि बंदुकांच्या स्किन घेतल्या त्यांच्या हाती काय राहिलं? गेम आपल्या मालकीचा नसतो, आपण तिथं फक्त खेळत असतो.

पण म्हणून पाच ठिकाणी पाच अकाउंट उघडून ठेवली की बॅनपासून सुटका झाली, हे मला पटत नाही. पबजी गेला तेव्हा कोण तगलं ते आठव. ज्यांना झोन, म्हणजे आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ, वाचता येत होता, टीम चालवता येत होती, ते दुसरीकडं जाऊन थोड्याच दिवसांत उभे राहिले आणि बीजीएमआय आल्यावर परत आले. ज्यांच्याकडं चार गेमांतली गोल्ड-गोल्ड रँक होती, त्यांची कुठंच आठवण कुणाला आली नाही. गेम जातो, रँक जाते, स्किन जाते. एकात खोल उतरून जे शिकलास ते मात्र तुझ्याबरोबर येतं. दुसऱ्या यूट्यूबरची भीती खरी, पण तिच्यावरचा त्याचा उपाय चुकीचा.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं तो मुद्दा. पास.

आमच्या वेळी कॅफेत काउंटर स्ट्राइक 1.6 असायचा, तासाला पैसे टाकायचे, वेळ संपली की मालक येऊन मॉनिटर बंद करायचा. तो गेम कधीच विचारायचा नाही, की काल का आला नव्हतास. चार दिवस गेलं नाही तरी डस्ट टू हा त्यातला मॅप तिथंच असायचा. आजचा गेम विचारतो. रोजचं मिशन, आठवड्याचं मिशन, लॉगिनचं बक्षीस, सीझन संपायला इतके दिवस बाकी. पासची सगळी रचनाच अशी असते, की तू आज नाही आलास तर काहीतरी बुडालं असं वाटावं. मेसचे महिन्याचे पैसे भरलेत म्हणून भूक नसताना जेवायला जाणारी पोरं तू पाहिली असशील. दोन पास घेणारा दोन मेस लावून बसलेला असतो. पैसे घालून झाले, ते गेले. मिशन पूर्ण करून ते परत येत नाहीत, वर रात्र जाते.

आणि मिशन करून हात सुधारतो असंही नाही. "अमुक बंदुकीनं इतके जण मारा", "अमुक गाडीनं इतकं अंतर जा", यात कसली आलीय रँक पुश? तू रात्री दोनपर्यंत जागतोस त्यातला किती वेळ खरोखर खेळतोस आणि किती वेळ मिशनच्या यादीवर टिका मारतोस, हे एकदा नुसतं बघ. क्राउनचं उत्तर मला तरी तिथंच दिसतंय.

वेळेचाही साधा हिशोब कर. बीजीएमआयच्या एरांगेल मॅपवरची एक मॅच शेवटापर्यंत गेली की अर्धा तास जातो. व्हॅलोरंटमध्ये आधी 13 राऊंड जिंकणारा जिंकतो, त्याला 35-40 मिनिटं लागतात आणि मधून उठलास तर शिक्षा होते. फ्री फायर लवकर आटोपतो. समज, रोज दोन तास आहेत. एका गेमला दिलेस तर पहिली मॅच हात गरम करण्यात जाते आणि पुढच्या तीन खऱ्या खेळल्या जातात. तीन गेमांना वाटलेस तर तिन्हीकडं हात गरम होतानाच तू उठतोस. तुझे साथीदार एसला गेले यात त्यांचं फार मोठं कसब आहे असं नाही, ते रोज चौथी मॅच खेळतात.

बरं, आता तुला न आवडणारी गोष्ट. तुझं पत्र गेमांबद्दल आहे असं तुला वाटतंय. मला त्यात तीन टोळकी दिसली. शाळेचं स्क्वॉड, मामेभाऊ, कॉलेजची पोरं. तू गेम निवडलेलेच नाहीस, माणसं निवडलीस आणि त्यांच्यामागून गेम आले. यात वाईट काही नाही, बहुतेकांचं असंच असतं. पण मग "एकच गेम धरू का" या प्रश्नाचं उत्तर तुला इतकं जड का जातंय ते कळतं. एक गेम काढला की एक टोळकं जाईल, ही खरी भीती आहे.

ती निम्मी खोटी आहे. मामेभावांना तुझी रँक नको आहे, तू हवा आहेस. रविवारी रात्री ठरवून बस, फ्री फायरमधला क्लॅश स्क्वॉड हा छोटा प्रकार खेळा, ते लवकर संपतं आणि चौघांत गप्पाही होतात. तिथं तू हरलास तरी चालेल, उलट शहरातला भाऊ हरला की त्यांचा आठवडा बरा जाईल. बूया पास या वेळेपुरता सोडून दे, पुढचा घेऊ नकोस. फ्री फायर ही तुझ्यासाठी नात्यातली गाठभेट आहे, तिथं कमवायचं काही नाही. त्या रात्री त्यानंतर बीजीएमआयची रँक मॅच मात्र लावू नकोस, अंगठा अजून वरच्या दिशेला असतो.

स्क्वॉडचं थोडं वेगळं आहे. चौघांत एक जण अर्धा असला की बाकी तिघांना भोगावं लागतं, म्हणून त्यांचा त्रागा मी समजू शकते. "चौथा दुसरा बघतो" ही भाषा मात्र मला आवडली नाही. शाळेपासूनचे मित्र असं बोलतात तेव्हा ते रागानं बोलतात, ठरवून नाही, असं धरून चाल. या सीझनपुरता बीजीएमआय तुझा रँकचा गेम ठेव. सेन्सी एकदा लावलीस की महिनाभर तिला हात लावू नकोस, प्रत्येक हरल्या मॅचनंतर सेटिंग उघडणारी पोरं कुठंच पोचत नाहीत. रँकला बसायच्या आधी थोडा वेळ टीडीएममध्ये, म्हणजे दोन टीमांच्या छोट्या सामन्यात, फक्त स्प्रे ओढ. मेलास की लगेच पुढची मॅच लावू नकोस, डेथ रिप्ले बघ आणि समोरच्याला तू कुठून दिसलास तेवढंच शोध. आणि पोचिंकी या मॅपवरच्या गर्दीच्या गावात उतरायचा हट्ट कोण धरतं ते शोधून त्याला गप्प बसव. पॉइंट नुसत्या किलचे मिळत नाहीत, शेवटपर्यंत टिकल्याचेही मिळतात. गेम बदलण्याआधी गेमच्या आत बदल करून बघ. तू कायम असॉल्टर, म्हणजे पुढे जाऊन भिडणाराच, असशील तर एक आठवडा सपोर्टला, मागून साथ देणाऱ्याच्या जागी, खेळ. बरेचदा माणूस गेमला कंटाळलेला नसतो, आपल्या भूमिकेला कंटाळलेला असतो.

आणि व्हॅलोरंट. पत्रात एक वाक्य तू मध्येच दडपून लिहिलंयस, सगळ्यात जास्त मजा तिथंच येते. जिथं सगळ्यात खालची रँक आहे तिथं सगळ्यात जास्त मजा येते, याचा अर्थ नीट घे. तिथं तुला अजून कुणी हिशोब विचारत नाही. आज तिथं अनरेटेडच, म्हणजे बिनरँकचंच, खेळ, कॉम्पिटिटिव्हला हात लावू नकोस, नाहीतर महिन्याभरात तोही बीजीएमआयसारखा ओझं होईल. सीझन संपला, आणि तरी पाय विश्रामबागकडंच वळत असतील, तर मग स्क्वॉडला तोंडावर सांग, की मी रँक सोडतोय, तुम्ही चौथा बघा, टीडीएमला आणि कस्टमला मी आहेच. त्यांनी तुला काढण्यापेक्षा तू आधी सांगितलेलं बरं. फार तर चार दिवस शिव्या देतील.

प्रो होण्याचं तू स्वतः काही लिहिलेलं नाहीस, यूट्यूबर बोलतात तेवढंच. म्हणून मीही त्यात शिरत नाही. इच्छा असेलच तर तेव्हा वरचा सगळा मोकळेपणा रद्द, एक गेम, एक भूमिका, रोजचे स्क्रिम म्हणजे सराव सामने, आणि डिग्री हातात ठेवूनच.

उरलेल्या दोघांचं पटकन. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये बिल्डर कामाला लाव आणि बंद कर, अपग्रेडला दिवस लागतात, तू बघत बसलास म्हणून ते लवकर होत नाही. वॉरची पसंती लाल, म्हणजे "मी नाही" अशी, करून ठेव, म्हणजे क्लॅनवाले परीक्षेत मेसेज टाकणार नाहीत. बुद्धिबळ बिनधास्त ठेव. आईला हवं तर सांग, की 2025 च्या रियाधमधल्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळही होतं, कार्लसन जिंकला आणि आपला अर्जुन एरिगैसी चौथा आला. फक्त झोपताना तीन मिनिटांचा ब्लिट्झ नको. हरलं की माणूस आणखी एक खेळतोच.

नवा गेम आला की उतरवून बघायलाही माझी ना नाही. 2024 मध्ये पुण्याच्या सुपरगेमिंगचा इंडस आला तेव्हा मीही कौतुकानं बघितला. दोन-चार संध्याकाळी खेळायचा, पास घ्यायचा नाही, आवडला नाही तर काढायचा. एवढंच, की त्यात पैसे लावून पैसे जिंकायचं आमिष असेल तर तो गेमच नव्हे. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं असल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि ई-स्पोर्ट्सला त्यातून वेगळं काढून मान्यता दिली आहे. कॉलेजात कुणी "नुसतं शंभर लाव" म्हणालं तर तिथूनच मागे फिर.

आता आई. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून नोंदवलाय, त्याच्या लक्षणांत गेम किती हे कुठंच नाही. खेळणं हाताबाहेर जाणं, बाकी सगळ्याच्या वर खेळाला जागा मिळणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चालू असणं, असे निकष आहेत. तू तिथं पोचलायस असं मी म्हणत नाही, पत्रावरून तसं दिसतही नाही. पण एक गोष्ट लक्षात घे. बीजीएमआय 2023 मध्ये परतला तेव्हा 18 च्या खालच्यांना दिवसाला 3 तास आणि बाकीच्यांना 6 तास अशी मर्यादा होती. ती त्या एका गेमपुरती. तीन गेम खेळणाऱ्याची बेरीज कुठलाच गेम करत नाही. तुझ्या घरात ती बेरीज सध्या एकटी आई करते आहे, म्हणून तिचा आकडा मोठा येतो आणि तुला ती उगाच ओरडते असं वाटतं. फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम असतो, तिथं आठवड्याची सगळ्या गेमांची बेरीज बघ आणि ती तिला स्वतःहून दाखव. त्या दिवशी घरात जरा आवाज होईल.

रॉयल पास संपेपर्यंतची उरलेली मिशन अर्धवट सोडायला जमतंय का ते मला कळव. आणि त्या कॅफेवाल्यानं महिन्याचं पॅकेज स्वस्त देतो म्हटलं, तर घेऊ नकोस. तासावर खेळ.

— ताई